बोला म्हणजे चेंडू

सिंगापुरात टॅम्पिनीसला मुलानं भाड्यानं घेतलेल्या फ्लॅटच्या स्वयंपाकघरातून स्टेडियमचे दिवे दिसायचे. मी तिथं नवा होतो. दोन हजार सालानंतरची गोष्ट, शहराच्या टोकाला पुंगोलकडं अजून नवे नवे ब्लॉक उठत होते तेव्हाची. बायको गेल्यावर मुलगा म्हणाला, आबा, काही महिने इकडं या, मग बघू. म्हणून आलो. संध्याकाळी खिडकीत उभा राहिलो की समोर नुसते ब्लॉक, त्यांच्यावर मोठाले नंबर, आणि बांबूंना अडकवून बाहेर काढलेले कपडे. अशात एका शनिवारी त्या ब्लॉकांच्या मागं पांढरा उजेड पडला. मला वाटलं, कुणाचं तरी लग्न आहे. सून चपात्या लाटत होती. ती न बघताच म्हणाली, "तिथं फुटबॉल असतो, आबा. पगारी खेळाडू असतात."

असतो म्हणजे काय, ते मला कळेना. इथं पोस्ट असतं, दवाखाना असतो, तसा फुटबॉल असतो? मी कोल्हापूरचा. आमच्याकडं फुटबॉल नुसता असत नाही. तो चालू असतो नाहीतर बंद असतो, आणि चालू असला की गावात दुसरं काही चालू नसतं. मी चपला घातल्या आणि खाली उतरलो.

तिकिटाच्या खिडकीत एक बाई होती. तिनं माझ्या पांढऱ्या केसांकडं बघितलं आणि काहीतरी सिनियर-सिनियर म्हणून निम्म्या दराचं तिकीट पुढं केलं. मी ते परत सरकवलं. मी काही निम्मी मॅच बघायला आलो नव्हतो. आयुष्यभर फौंड्रीत साचे भरले, कधी कुणाकडून सूट घेतली नाही, ती या वयात परक्या देशात कशाला घेऊ? बाई हसली आणि तिनं पूर्ण तिकीट दिलं. पुढं सगळ्या मॅचना ती मला बघितलं की न विचारता पूर्णच द्यायची.

आत गेलो आणि उभाच राहिलो. हिरवळ अशी, की पाय ठेवायला जीव धजणार नाही. प्रत्येकाला बसायला वेगळी खुर्ची. दिव्यांचा उजेड इतका, की पडलेली सुई दिसावी. आणि माणूस नाही. अगदीच नाही असं नाही, इकडं चार, तिकडं सहा, एक जोडपं चिप्स खात बसलेलं. मी म्हटलं, लवकर आलो. बसलो. लोक आता येतील, मग येतील. नंतर वाटलं, दिवस चुकला. रखवालदाराला जाऊन विचारलं, "मॅच? टुडे?" तो म्हणाला, "येस अंकल, टुडे." आणि तेवढ्यात दोन्ही टीम बाहेर आल्या, हात मिळवले आणि खेळायला लागल्या. कुणाची वाटसुद्धा बघितली नाही त्यांनी.

पहिला गोल झाला तेव्हा तर मी चक्रावलोच. गोल करणारा धावत गॅलरीकडं आला, हात पसरले, आणि समोर कोण? मी. मला काय करावं कळेना. मी हात वर केला. त्यानंही केला आणि परत गेला.

आमच्या गावचं सांगितलं तर इथल्या लोकांना खोटं वाटायचं. आमच्याकडं पेठेपेठेची टीम, तालमीतालमीची टीम. मॅच दुपारी चारची असली तर माणसं जेवून लगेच निघायची. मैदानात तेव्हा हिरवळ कसली, धूळ. चेंडू कुठं आहे ते धुळीवरून ओळखायचं. दगडी पायऱ्या भरल्या की भिंतीवर, भिंत भरली की झाडावर. खेळणारांना पगार नाही. कुणी रिक्षावाला, कुणी सोनाराच्या दुकानातला, एक जण तर माझ्याच फौंड्रीत भट्टीवर होता. हरला की दुसऱ्या दिवशी त्याला गल्लीतून जाताना मान खाली घालावी लागायची, आणि जिंकला की चहावाला पैसे घ्यायचा नाही.

आमची वस्ती पेठेच्या कडेला. पेठेतल्या गणपतीला आमचा खांदा चालायचा नाही. पण गोल झाला की शेजारी कोण उभा आहे हे न बघता माणूस गळ्यात पडायचा. दुसऱ्या दिवशी तोच रस्त्यात ओळख द्यायचा नाही, ती गोष्ट वेगळी. पण मैदानावर "आपली टीम" म्हणायला मला कधी कुणाला विचारावं लागलं नाही. तेवढी एक जागा होती जिथं मी "आपली" म्हणत होतो आणि कुणी वळून बघत नव्हतं.

मुलाला मी तिथं खांद्यावर घेऊन जायचो. तो माझ्या कानाला धरून बसायचा आणि गोल झाला की कान पिरगाळायचा. नंतर तो वस्तीतल्या पोरांत गोलकीपर झाला. दहावीपर्यंत खेळला, एकदोनदा त्या मोठ्या मैदानावरही उतरला, चांगला खेळला. मग शिकला, इंजिनियर झाला, पुण्याची बायको केली, आणि आता हार्बरफ्रंटला जहाजांच्या कंपनीत मोठ्या कामावर आहे. त्याच्याबद्दल मी कुठंही छाती काढून बोलतो.

तर त्या पहिल्या शनिवारी घरी आलो आणि मी त्याला म्हटलं, "लेका, घराच्या मागं मैदान आहे आणि तू सांगितलं नाहीस. पुढच्या शनिवारी जाऊ दोघं." तो सोफ्यावर लॅपटॉप घेऊन बसला होता. म्हणाला, "बघू, आबा."

हा बघू मला चांगला माहीत आहे. पगारवाढ मागितली की फौंड्रीचा मालक बघू म्हणायचा. तरी मी आशा सोडली नाही. मी मनात धरलं, की परत जायच्या आत या पोराला एकदा तरी शेजारी बसवून मॅच बघायची. दुसरं काही मागणार नव्हतो मी त्याच्याकडं. सिंगापूर बघायचं नव्हतं, ती पक्ष्यांची बाग-बिग काही नको होती. एक मॅच.

दुसऱ्या वेळेला गेलो तेव्हा एक म्हातारा भेटला. मलय माणूस, माझ्याच वयाचा, डोक्यावर गोल टोपी, हातात थर्मास, बसायला घरून आणलेली उशी. सगळं स्टेडियम रिकामं असून तो नेमका माझ्याशेजारची एक खुर्ची सोडून बसला. मला ते आवडलं. रिकाम्या जागेत लांब बसणं हे शहाण्या माणसाचं लक्षण नाही. खेळ सुरू झाला. थोड्या वेळानं त्यानं मैदानाकडं हात केला, मग माझ्याकडं बघितलं आणि म्हणाला, "बोला."

मी खुर्चीतच त्याच्याकडं वळलो. या देशात येऊन इतके दिवस झाले, घराबाहेर कुणी मराठी शब्द काढला नव्हता. आणि हा नुसतं बोल म्हणत नाही, बोला म्हणतो. मानानं. मी विचारलं, "तुम्हाला मराठी येतं?" तो हसला आणि मान डोलावली. मी म्हटलं, कोकणातले खलाशी इकडं येत असत, त्यांच्या संगतीत शिकला असेल. आणि मी बोललो.

काय काय बोललो ते आता आठवत नाही. मैदानाचं बोललो, धुळीचं बोललो, एकदा दगडफेक झाली आणि मी चपला सोडून पळालो ते सांगितलं. तो ऐकायचा, मान हलवायचा, थर्मासच्या झाकणातून चहा द्यायचा. तो त्याच्या भाषेत काही सांगायचा, त्यातलं मला ओ की ठो कळायचं नाही. पण अधूनमधून, खेळ रंगला की तो जोरात "बोला, बोला" म्हणायचा. मला वाटायचं, हा किती भला माणूस आहे, मी थांबलो की मला आग्रह करतो. घरी कोण म्हणतं मला बोला? मुलगा म्हणतो, पण डोळे लॅपटॉपवर ठेवून. "बोला ना आबा, ऐकतोय मी." ते बोला वेगळं आणि हे बोला वेगळं.

असं शनिवारमागून शनिवार चाललं. आमची टीम कधी जिंकायची, कधी हरायची, माणसं तेवढीच. मी तिला आमची टीम म्हणायला लागलो होतो. घराच्या मागंच मैदान, म्हणजे आमचीच की. पण लोक येत का नाहीत हे काही केल्या डोक्यात शिरेना. मी हट्टी आहे. एखादी गोष्ट कळली नाही की मला झोप लागत नाही. म्हणून मी विचारायला सुरुवात केली.

सून म्हणाली, उकडतं किती, आणि शनिवारी मॉलमध्ये एसी असतो, लेकीला क्लास असतो. नात इथल्या लोकांसारखं शेवटी लाह लावून म्हणाली, "बोरिंग लाह, आजोबा." तिला मी म्हटलं, तू गेली आहेस का कधी? ती म्हणाली नाही. न जाता बोरिंग कसं कळलं, तर ती म्हणाली सगळ्यांना माहीत आहे.

रविवारी सकाळी आमच्या लोकांची बुद्धवंदना असायची, कुणाच्या तरी फ्लॅटमध्ये. सगळे शिकलेले, कुणी इंजिनियर, कुणी प्रयोगशाळेत संशोधन करणारा. माझ्याशी आदरानं वागायचे. वंदना झाल्यावर चहाला मी विषय काढला. एक जण म्हणाला, काका, तिथं गर्दी नसते हो, मजा येत नाही. मी म्हटलं, तुम्ही गेलात तर गर्दी होईल. तो म्हणाला, आम्ही चौघं गेल्यानं काय होणार, गर्दी असली तर जाऊ. मी ते डोक्यात दोनतीनदा फिरवून बघितलं. गर्दी नाही म्हणून कुणी जात नाही, आणि कुणी जात नाही म्हणून गर्दी नाही. मग पहिला कोण जाणार? मी जातो आहे, तर माझ्यामागं कुणी का येत नाही? त्यांनी मला आणखी एक चकली दिली आणि विषय बदलला.

खरा गोंधळ झाला तो ब्लॉकखालच्या कॉफी शॉपात. एका शनिवारी मॅचला जाताना मी तिथनं चाललो होतो, बघतो तर ही झुंबड. खुर्च्या पुरत नाहीत, लोक उभे, सगळ्यांची तोंडं वर टीव्हीकडं. माणसांच्या अंगावर लाल, निळे टी-शर्ट. मी म्हटलं, आली बाबा गर्दी, आता हे सगळे उठून स्टेडियमला येणार. टीव्हीवर फुटबॉल चालला होता, पण तो इंग्लंडचा. तिथं दुपार होती, ऊन पडलेलं दिसत होतं. चहाच्या गाळ्यावरचा चिनी म्हातारा माझ्या ओळखीचा झाला होता, मला कमी गोड चहा द्यायचा. मी त्याला खुणेनं विचारलं, मॅचला येणार? त्यानं उलट मलाच विचारलं, "अंकल, यू सपोर्ट हू?"

एवढं इंग्रजी मला समजलं. मी हात करून दिवे दाखवले, म्हटलं ही, इथली, समोरची.

तो हसला. आजूबाजूचे दोघं-तिघंही हसले, वाईट हसले नाहीत. तो म्हणाला, "नो लाह, अंकल. रिअल टीम."

रिअल म्हणजे काय ते मी घरी येऊन सुनेला विचारलं. ती म्हणाली, रिअल म्हणजे खरी. मी म्हटलं, नीट सांग, दुसरा काही अर्थ असेल. ती म्हणाली, नाही आबा, खरी.

तेव्हापासून मी जास्तच गोंधळलो. जी टीम माझ्या डोळ्यांसमोर घाम गाळते, जिचा खेळाडू थुंकला तर मला आवाज येतो, ती खरी नाही. आणि जी समुद्रापलीकडं कुठल्या गावात आहे, ज्या गावाची हवा या लोकांनी हुंगलेली नाही, ती खरी. बरं, ते लोक नाटक करत होते असंही नाही. टीव्हीवर गोल झाला तेव्हा त्या चिनी म्हाताऱ्याच्या डोळ्यांत पाणी आलेलं मी बघितलं. मग मी कुणाला खोटं म्हणू?

मी हे मुलाला बोलून दाखवलं. त्या दिवशी त्यानं लॅपटॉप बंद केला, एवढं मात्र खरं. म्हणाला, "आबा, ते बघितल्यावर हे बघवत नाही. पास चुकतात, कीपर जागा सोडत नाही. ती क्वालिटीच नाही."

मी म्हटलं, "तू कीपर होतास तेव्हा कुठली क्वालिटी होती? तरी मी येत होतो."

तो म्हणाला, "तुम्ही मला बघायला येत होता, आबा."

मी म्हटलं, असू दे, तरी एक मॅच बघ. तो म्हणाला, बघू.

मग मुलानं पुंगोलला घेतलेल्या नव्या फ्लॅटची किल्ली मिळाली. स्वतःचा फ्लॅट, पाण्याच्या जवळ, खाली छोटी ट्रेन गोल गोल फिरणारी. मुलगा आणि सून खूश होते आणि मीही होतो, आपल्या पोराचं घर परदेशात होतंय म्हटल्यावर कोण खूश होणार नाही? खोकी भरायला सुरुवात झाली. मी सहज विचारलं, तिकडची टीम कुठली? मुलगा म्हणाला, तिकडं टीम नाही, आबा, ग्राउंडच नाही अजून. मी विचारलं, मग पुंगोलला गेल्यावर आपली टीम कुठली? तो खोक्याला टेप लावत म्हणाला, "आपली टीम म्हणजे?"

आता काय सांगू? आमच्याकडं माणूस पेठ सोडून उपनगरात बंगला बांधतो, तरी टीम पेठेचीच राहते. पोरं तिकडं जन्मली तरी त्यांची टीम पेठेचीच. इथं लोक ब्लॉक बदलतात, एका गावातून दुसऱ्या गावात जातात, आणि टीम खोक्यात घेता येत नाही. मला वाटलं, हे असेल कारण. मग वाटलं, नाही, त्या इंग्लंडच्या टीम तर लोक बरोबर घेऊन फिरतात, त्यांचे टी-शर्ट खोक्यात मावतात. मुलाच्या खोक्यातही एक लाल होता. मी विचार करायचा सोडून दिला. म्हणजे सोडला नाही, पण थकलो.

माझा इथं राहायचा पासही संपत आला होता. घर हलवून झालं की मी परत निघणार होतो. म्हणजे हलवाहलवीच्या आधीची जी मॅच होती, ती शेवटची. ती शुक्रवारी होती. सकाळी मुलगा बूट घालत होता तेव्हा मी त्याच्यासमोर उभा राहिलो. म्हटलं, "आज शेवटची आहे. मी तुझं तिकीट काढून ठेवतो. खिडकीतल्या बाईकडं ठेवीन. आलास तर आलास." तो म्हणाला, ऑफिसात आज जास्त काम आहे. बघू म्हणाला नाही. मला वाटलं, बघू म्हणाला असता तर बरं झालं असतं.

संध्याकाळी मी गेलो. बाईनं मला पूर्ण तिकीट दिलं, मी दुसरं मागितलं, तिनं माझ्यामागं कोण आहे ते वाकून बघितलं. मी खुणेनं सांगितलं, मुलगा, मागनं येणार. तिनं तिकीट काचेला टेकवून उभं ठेवलं. मलय म्हातारा आलेला होता. मी त्याला सांगितलं, आज माझा मुलगा येणार आहे, फार मोठ्या कामावर आहे, कीपर होता. त्यानं मान डोलावली, चहा दिला. आम्हा दोघांच्या मध्ये एक खुर्ची नेहमीच रिकामी असायची. आज मी तिच्यावर हात ठेवून बसलो.

पहिला हाफ संपला. मुलगा आला नाही. मी फाटकाकडं बघतच नव्हतो, असं मी स्वतःला सांगत होतो. म्हातारा "बोला" म्हणाला, पण मला बोलायचं नव्हतं. पहिल्यांदाच मी गप्प राहिलो, तरी तो बोला-बोला म्हणतच राहिला, आणि मला त्याचा थोडा रागही आला. माणसाचं तोंड बघून कळायला नको?

दुसरा हाफ सुरू झाल्यावर मुलगा आला. ऑफिसचा शर्ट, खांद्याला बॅग, गळ्यात ओळखपत्राची पट्टी तशीच लटकलेली. मी हात काढला आणि तो त्या मधल्या खुर्चीवर बसला. तो फोन काढून काहीतरी बघायला लागला. असू दे, म्हटलं मी, बसला आहे ना.

तेवढ्यात म्हातारा पुढं वाकून ओरडला, "बोला, बोला!" मुलानं त्याच्याकडं बघितलं. मी अभिमानानं म्हटलं, "बघ, यांना मराठी येतं. मला रोज बोलायला लावतात. फार मानानं बोलतात."

मुलगा माझ्या तोंडाकडं बघत राहिला. मग हळूच म्हणाला, "आबा, मलयमध्ये बोला म्हणजे चेंडू."

मी म्हटलं, "काहीतरीच."

"खरंच. बोला म्हणजे बॉल. ते पास दे म्हणतायत, खेळाडूंना."

मला पटलं नाही. मी म्हटलं, पहिल्या दिवशी त्यांनी माझ्याकडं बघून म्हटलं होतं. मुलानं म्हाताऱ्याला इंग्रजीत काहीतरी विचारलं. म्हातारा भराभर बोलला, माझ्याकडं बोट केलं, छातीवर हात ठेवला. मुलाला हसू आवरेना. मी म्हटलं, काय म्हणतात ते सांग, दात काढू नको.

"ते म्हणतात, पहिल्या दिवशी मी यांना विचारलं की फुटबॉल आवडतो का. तर हे जे बोलायला लागले ते थांबेचनात. त्यांना वाटलं तुम्ही तुमच्या देशातले जुने कोच आहात. तुम्ही काय सांगता ते कळत नव्हतं, पण कोच माणसाला मध्ये तोडायचं कसं, म्हणून ऐकत राहिले."

मी म्हाताऱ्याकडं बघितलं. त्यानं थर्मासचं झाकण भरून माझ्यापुढं धरलं. मी घेतलं. म्हटलं, चेंडू असेल नाहीतर आणखी काही असेल. ते बोला म्हणाले, मी बोललो. त्यात चूक काय झाली? मुलगा म्हणाला, चूक काही नाही, आबा. पण तो अजून हसत होता, आणि फोन खिशात गेला होता.

मग आमच्या बाजूच्या गोलवर हल्ला आला. आता दुसऱ्या हाफमध्ये आमचा कीपर आमच्याच बाजूला होता, इतका जवळ, की त्याच्या हातमोज्यांच्या पट्ट्या दिसत होत्या. चेंडू उंचावरून येत होता आणि कीपर रेषेला चिकटून उभा. मला कळत होतं की चुकतंय. पण मी काही ओरडायच्या आत माझ्या कानाजवळ आवाज झाला. मुलगा उभा राहिला होता.

"आरं फुडं ये की! फुडं! रेघ सोड!"

तो असा बोलत नाही. पुण्याची बायको केल्यापासून तो वस्तीतलं बोलत नाही, माझ्याशीसुद्धा नाही. रिकाम्या स्टेडियममध्ये तो आवाज समोरच्या गॅलरीवर आपटून परत आला. ते नेहमीचं चिप्स खाणारं जोडपं वळलं. आणि कीपरनं आमच्याकडं बघितलं. डोळ्याचं पातं लवायला लागतो तेवढा वेळ, पण बघितलं, मी शपथेवर सांगतो. मग तो रेषेवरून पुढं आला आणि चेंडू दोन्ही मुठींनी बाहेर ठोकला.

मुलगा खाली बसला. चोहोकडं बघितलं, शर्ट खाली ओढला, कान लाल झाले होते. म्हाताऱ्यानं त्याच्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाला, "कोच." मग माझ्याकडं बोट करून म्हणाला, "कोच," आणि दोघांकडं बघून हसला.

मॅच आम्ही हरलो. ते सांगायचं राहिलं होतं.

घरी चालत येताना मी मुलाला विचारलं, त्या कीपरला मराठी कसं कळलं? मुलगा म्हणाला, आबा, त्याला मराठी कळलं नाही, तो स्वतःच पुढं आला, योगायोग. मी म्हटलं, मग त्यानं आपल्याकडं बघितलं कशाला? मुलगा म्हणाला, कुणी ओरडलं की माणूस बघतो. मी म्हटलं, आमच्या मैदानावर हजारो लोक ओरडायचे, तूही कीपर होतास, तू कधी एकाकडं वळून बघितलंस? तो म्हणाला, "तिथं एकाचा आवाज कुठं यायचा?"

तेच तर मी विचारतो आहे. जिथं एका माणसाचा आवाज कीपरला जातो, ती जागा लोक सोडतात, आणि जिथं हजारांत कुणाचं कुणाला ऐकू येत नाही, टीव्हीत तर मुळीच येत नाही, तिथं जाऊन घसा फोडतात. मी त्याला हे कॉफी शॉपच्या समोर विचारलं. आत टीव्हीच्या बातम्या चालू होत्या, चिनी म्हातारा टेबलं पुसत होता. मुलगा म्हणाला, "मला नाही सांगता येणार, आबा." एवढं शिकलेला माझा मुलगा, त्यालाही सांगता येईना.

लिफ्टमध्ये त्यानं बॅग दुसऱ्या खांद्यावर घेतली आणि मोकळ्या झालेल्या हातानं माझा कान धरून हळूच पिरगाळला. मी म्हटलं, गोल कुठं झाला? तो म्हणाला, "अडवला की."